एकशे बारा पायऱ्या

खाडीच्या धक्क्यापासून आमच्या अंगणापर्यंत
जांभ्या दगडाच्या एकशे बारा पायऱ्या.
मी त्या मोजतच मोठी झाले,
पाढे पाठ करायला बरी पडायची पाखाडी.
एकशे तेरावी का नाही
हे विचारावंसं कधी वाटलं नाही.
पायऱ्या संपतात तिथे गाव संपतं,
असंच वाटायचं.

वर सड्यावर तांबेवाडी होती.
चिरेखाणही तिथलीच.
प्रत्येक चिरा वरून खाली आला
विठाबाईच्या, नाहीतर तिच्या जावेच्या डोक्यावरून,
आमच्या मागच्या फाटकातून.
चिरे यायचे तेव्हा ते फाटक दिवसभर उघडं असायचं.
तिच्या केसांत लाल भुकटी.
मला वाटायचं, मेंदी.

तिचा धोंडू माझ्या वर्गात.
श्रावणात गुडघ्यापर्यंत राड घेऊन यायचा,
गुरुजी त्याला पागोळीखाली उभा करायचे.
“त्यांना सवय असते,” आई म्हणाली.
किती मऊ शब्द आहे, सवय.
धुऊन धुऊन विरलेल्या गोधडीसारखा.
आम्ही सगळे त्याखाली गाढ झोपायचो.

एका रात्री मात्र जाग आली.
मागच्या फाटकाशी कंदील, चार माणसं,
बांबूला बांधलेलं लुगडं,
आणि लुगड्यात कोणीतरी कण्हत होतं.
त्यांची वाट वहाळातून, वहाळाला पाणी आलेलं.
आगरातून धक्क्यावर उतरू द्या,
एवढंच मागणं.
वडील नाही म्हणाले नाहीत.
आमचे वडील कधीच कुणाला नाही म्हणाले नाहीत.
फक्त किल्ली सापडेना.
फळीवर, कोनाड्यात, देवांच्या मागे.
किल्ली माजघरात खुंटीवर होती, छत्रीखाली.
मला माहीत होतं.
मला वाटलं, मोठ्यांना माहीत असेलच.

ती वाचली का, मी विचारलं नाही.
सकाळी शाळा होती.

पन्नास वर्षांनी टेप घेऊन उत्पला तांबे आली.
धोंडूची मुलगी, पंचायत समितीत अभियंता.
पाखाडी वर न्यायची तर आमचे तीन फूट हवेत.
भाऊ म्हणाला, तीन फूट म्हणजे पाच पोफळी.
मोजणी झाली, हरकत झाली, फेरमोजणी झाली,
एक सरपंच गेला, दुसरी आली,
ठराव हरवला, मग सापडला
कुणाच्या तरी रेशनकार्डाच्या झेरॉक्समध्ये.
सहा वर्षांत चाळीस पायऱ्या.
मी सही केली.
खरं सांगायचं तर सही करतानाही
पोफळीच मोजत होते.

आता माझा उजवा गुडघा स्टीलचा.
एकशे तिसाव्या पायरीवर दम खात बसले.
खाली ओहोटी लागलेली,
कालवं फोडणाऱ्या बायांची टकटक वर येत होती.
उत्पलाने बाटली पुढे केली.
मी म्हटलं, आता कळतं गं मला,
काय असतं हे चढणं.
ती हसली.
“गुडघ्याचं कळलं, काकू.”

मग मी ती रात्र काढली. खुंटीसकट, छत्रीसकट.
कोण होतं गं लुगड्यात?
ती बराच वेळ टेप गुंडाळत राहिली.
“कुठली रात्र?” म्हणाली,
“आमच्याकडे अशा पुष्कळ आहेत.”

एकशे बावन्नाव्या पायरीपुढे अजून चिखलच.
उरलेल्या पुढच्या निधीत, असं कागदावर.
दिव्याचे खांब आलेत, तारा नाहीत.
मागच्या फाटकाला आम्ही कुलूप लावत नाही आता.
बकऱ्या शिरतात, भाऊ कटकट करतो,
त्याचंही खोटं नाही, सगळी अबोली खाल्ली.

किल्ली अजून खुंटीवर.
परवा काढली, कुलपात घालून पाहिली.
गंजलीय,
पण फिरते.