सोमवारची सर्दी

पहाटे चारला, केटरिंगच्या बेकरीत
पहिली शिंक आली की डोरीन म्हणते, ब्लेस यू.
दुसरीला म्हणते. तिसरीला अर्धंच.
चौथीपासून तिचा देव डबा खायला जातो
आणि मी एकटी सातापर्यंत मोजते.

माशी नेमकी कुठे शिंकतेय ते कळेना.
आधी बर्चच्या झाडांवर आळ घेतला,
मग जूनच्या गवतावर,
शेजारच्या मांजरावर,
गालिच्यातल्या न दिसणाऱ्या किड्यांवर.
श्रीनंदनं गालिचा उपटून काढला,
उघड्या फळ्यांवर आम्ही हिवाळाभर कुडकुडलो.
नाक वाहतच होतं, नुसतं पाणी.
टाळूला आतून मुंगी चालल्यासारखी खाज,
रात्री नाकपुड्या आळीपाळीनं बंद,
आणि डोळे असे की बसमधल्या एका बाईनं
न विचारता टिश्यू दिला, हात दाबला.
मी खुलासा केला नाही.
दोन थांबे तिचं सांत्वन घेत राहिले.

डॉक्टर ओकाफोरनी एकच विचारलं:
रविवारी काय होतं?

रविवारी?
रविवारी मला वास येतात.
मोहरीचा, साबणाचा,
श्रीनंदच्या ओल्या स्वेटरचा.

हातावर थेंब, थेंबातून सुईचा टोचा,
बाजूला पेनानं आकडे.
बर्च सपाट. गवत सपाट. मांजर निर्दोष.
सहा नंबर फुगला, डास चावल्यासारखा:
गव्हाचं पीठ.
खायला चालेल, म्हणाले,
फक्त हुंगायचं नाही.

विट्याला आमच्या गिरणीत
पट्टा चढवायच्या आधी दादा रोज सात वेळा शिंकायचे.
दळणाला आलेल्या बायका डबा टेकवून थांबायच्या,
कामाला निघालेला माणूस चप्पल काढून परत बसायचा.
भर वैशाखात दादा म्हणायचे,
जरा सर्दी झालीय.
बुधवारी वीज नसायची, गिरणी बंद.
बुधवारी ते आईच्या आमटीला नावं ठेवायचे,
हिंग जास्त झालाय, फोडणी करपलीय.
बाकी सहा दिवस निमूट जेवायचे.
आम्हाला वाटायचं,
बुधवारी त्यांचा स्वभाव बिघडतो.

मला आता मास्क मिळालाय,
पिठापासून लांब, पाव भरायच्या टेबलावर जागा.
डोरीनला ब्लेस यू म्हणायला कोणी उरलं नाही.

काल श्रीनंदच्या आमटीला मी नाक मुरडलं.
तो खूश झाला.