दोघे किरकोळ

गुळाचा हंगाम सुरू झाला
की आमच्या छापखान्यात ळ संपायचा.
शाहूपुरीतून भाव यायचे दिवेलागणीला,
गूळ एक नंबर, गूळ दोन नंबर, काळा गूळ,
आणि केसमधल्या त्या खान्याचा तळ दिसायचा.
मग थोरल्या दवाखान्यातून सायकल हाणत
मगदूम मास्तर यायचे,
कपट्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं :
ट्रक उलटला, एक ठार, चौघे किरकोळ.
चौघांना मिळून एकच ळ लागायचा,
तेवढीच काय ती काटकसर.

अगदीच नसला तर मी ल बसवायचो.
किरकोल जखमी.
एकाही वाचकाची कधी तक्रार आली नाही.

पेठेत किरकोळ म्हणजे सुटं,
पावशेर, छटाक, पुडीत बांधलेलं.
ठोक घेणाऱ्याला गादीवर जागा,
किरकोळवाल्यानं फळीशी उभं राहायचं.
मास्तरांनी तोच शब्द उचलला
आणि त्यानं माणसं मोजली.
भांडण किरकोळ कारणावरून.
चाकूचा वार, किरकोळ.
पंचगंगा गल्लीत शिरली, पडझड किरकोळ.
नवशिका होतो, एकदा धीर करून विचारलं,
"मास्तर, किरकोळ कुठवर म्हणायचं?"
विडी चपलेखाली विझवत म्हणाले,
"मेला न्हाई तिथवर."

पासष्ट सालच्या माघात
गंगावेशीत उसाच्या ट्रकनं टांगा उडवला.
टांगेवाला ठार, दोघे किरकोळ जखमी.
ती बातमी मीच जुळवली,
चार ओळी, कॉलमात चपखल बसल्या,
एकही शिसपट्टी घालावी लागली नाही.
रात्री दोनला घरी आलो तर
दार उघडं, कंदील जळत होता, गल्ली जागी.
त्या दोघांतली एक आमची हौसा.
वय नऊ. उजव्या हाताची दोन बोटं
टांग्याच्या चाकाकडंच राहिली.
मला कळायला मार्ग नव्हता.
नाव नव्हतं बातमीत.
किरकोळांची नावं देत नसत.

सहा-सात वर्षांनी माझा डबा घेऊन
ती छापखान्यात आली.
डबा माझ्याकडं दिला नाही.
सरळ मास्तरांच्या टेबलाशी गेली,
कागद सारले, हात पालथा ठेवला.
"मास्तर, हे तुमचं किरकोळ."
रागानं नाही. बाजारातून आणलेलं
सामान दाखवावं, तसं.
मशीनचा पट्टा तेवढा फिरत होता.
मास्तरांनी चष्मा काढला, परत घातला,
पोराला म्हणाले, "चहा सांग. तीन."
चहा येईपर्यंत कुणी बोललं नाही,
आल्यावरही नाही.

दुसऱ्या दिवसापासून कपट्यावर
नुसतं जखमी.
आठ दिवस चाललं.
नवव्या दिवशी संपादक खाली उतरले :
लोक दचकतात, मगदूम,
जो तो दारात येऊन विचारतो, आमचं कोण होतं काय त्यात.
किरकोळ परत आला.
पण आता पेन्सिल दाबून लिहिलेला,
इतकी, की कपट्याच्या पाठीवर
अक्षरं उलटी उठून यायची.
उलटं वाचायची सवय
त्या खोलीत मला एकट्यालाच होती.
मास्तरांना ते ठाऊक असावं.
मी कधी विचारलं नाही.

छापखाना मोडीत निघाला
तेव्हा खिळे वजनावर गेले, ठोक.
एक ळ मी मागं ठेवला,
तंबाखूच्या डबीत, चुन्याशेजारी.

परवा थंडी पडली म्हणून हौसाला फोन लावला.
नातवाबरोबर कट्ट्यावर दूध घालून
नुकतीच आली होती, दम लागलेला.
म्हटलं, हात दुखतोय काय गं?
"किरकोळ," म्हणाली,
आणि पेंडीचा भाव कसा चढलाय
ते सांगत बसली.