कोरडा कागद

बितुंगच्या बंदरामागे, ओल्फीच्या दुकानात
फेन्चे दोन तास उभा आहे.
कॅमेरा केव्हाच ठरलाय: जुना,
कुणा जर्मन पाहुण्याने विकून टाकलेला.
अंधारात चित्र रवाळ होतं. होऊ दे.
अडलंय ते पेटीपाशी.

अ‍ॅल्युमिनियमची घेतली तर होडीचं इंजिन राहतं.
प्लास्टिकची म्हणते, चाळीस मीटर.
म्हणायला काय जातं.

ओल्फी तिच्या खोबणीतलं रबरी कडं नखाने उचलते,
दिव्याखाली धरते, एक केस काढते
(मांजराचा असावा)
आणि ग्रीस लावते,
बाळाला मध चाटवावा तितकंच.
"समुद्राला एवढी वाट पुरते."

मग होडीतून, रिकामीच पेटी,
आत एक टिश्यू, दोरीला शिसं.
वीस मीटर. तीस.
दोघंही गप्प,
जणू खाली कुणी परीक्षेला बसलंय.

वर आली. पुसली. उघडली.
कागद कोरडा.
एकच कोपरा किंचित मऊ:
पाणी, की ओल्फीच्या बोटांचा घाम?

फेन्चे पैसे मोजतो, पुन्हा मोजतो, ठेवतो.
काळ्या वाळूतला तो केसाळ मासा
अकरा वर्षं त्याने पाहुण्यांना दाखवला
बोट करून, त्यांच्या भिंगांच्या आड न येता.
उद्या रविवार. पाहुणे नाहीत.