सावलीत

मगदूम मॅडमच्या खोलीच्या चारही खिडक्यांना
काळा कागद मीच लावला, खळ शिजवून.
उजेडानं जीवनसत्त्व मरतं, म्हणाल्या.
मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे उन्हात वाळवणारं माझं घर,
उन्हानं काही मरतं
हे मला नवीनच.

“दस्तगीर, दार.”
कधी कधी दिवसभरात एवढंच बोलायच्या.

गाजरं मी आणायचो, सांगलीच्या मंडईतून, पाच-पाच किलो.
त्या किसायच्या, कुटायच्या, इथरमध्ये भिजवायच्या,
काचेच्या नळीतून पिवळा पट्टा उतरू लागला
की श्वाससुद्धा दबकत घ्यायच्या.
जैनाघरच्या. जमिनीखालचं खात नसत.
एकदा विचारलं, चव तरी ठाऊक आहे का, मॅडम?
म्हणाल्या, रंग ठाऊक आहे. आकडा ठाऊक आहे.
आणि डबा उघडून बसल्या, सूर्य बुडायच्या आत,
त्या अंधाऱ्या खोलीत
घड्याळ बघून.

मग उमदीला गेलो, जतच्या पुढं.
दिवेलागणीला एक पोर भिंत चाचपत आलं
आणि म्हशीला आई म्हणालं.
सगळे हसले.
परतीच्या एस्टीत मॅडमची वही मांडीवर पालथी,
कवठ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी गाजरं बंद.
शेवग्याचा पाला आणा, म्हणाल्या,
जो परड्यात आहे, ज्याला पैसे पडत नाहीत.
पुढची एकवीस वर्षं पाला.
उन्हातला, तव्यावरचा, छपराखालचा, ओला, शिळा,
चैत्रातला वेगळा, श्रावणातला वेगळा.
पगार तीनदा अडला. अनुदानाचं सोडाच.
पुण्याचे एक साहेब आमचा तक्ता घेऊन गेले,
तो छापून आला तेव्हा मॅडमचं नाव
शेवटून दुसरं होतं.
मी म्हटलं, भांडा की.
त्या नळ्या धूत होत्या.

एवढं करून निघालं काय, नात विचारते.
एक शब्द निघाला, बेटा.
अंगणवाडीच्या भिंतीवर आहे, निळ्या रंगात:
शेवग्याचा पाला सावलीत वाळवा.
त्यातलं ‘सावलीत’ आमचं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच भिंतीपुढं
सूपभर पाला, भर उन्हात.
मॅडम आता पंच्याहत्तरीच्या, गुडघे गेलेले.
मी पुढं होईस्तोवर वाकल्याही,
सूप ओढलं लिंबाखाली.
सेविका धावत आली, कोण ओ तुम्ही?
नाव नाही सांगितलं.
म्हणाल्या, सावली सरकते.
तासाभरानं परत बघ.