बेचाळीस की मी

मी काटे दुरुस्त करतो.
केळीच्या वखारींवरचे, जिनिंगमधले, रेशन दुकानातले,
खरं बोलायचं विसरलेले सगळे.
डिकीत पाने, सोल्डरची तार,
गोणपाटात गुंडाळलेलं वीस किलोचं प्रमाण वजन,
आणि उजव्या कानात एक बाई.

ही बाई ऋजुतानं बसवून दिली, दिवाळीत आली तेव्हा.
म्हणाली, पप्पा, संध्याकाळपर्यंत तुमचे डोळे शिणतात.
मी वाचते त्यातलं बरं बरं पाठवत जाईन,
ही वाचून दाखवील.
डावा कान ट्रकसाठी मोकळा ठेवा.

तेव्हापासून मी अंतरं लेखांत मोजतो.
फैजपूर ते सावदा: मधमाशीला घर कसं सापडतं.
सावद्याहून निंभोरा, फाटक बंद असेल तर,
आइसलँडचा अख्खा ज्वालामुखी.
फाटक उघडं मिळालं तर राख उद्यावर.

बाई हुशार आहे, पण तिला टिंब दिसत नाही.
जि. जळगावला ती म्हणते जी जळगाव,
जणू जिल्हा पलंगावर बसलाय
आणि ही पदर सावरून उभी.
छायाचित्रात डावीकडून तिसरे, म्हणते,
मी डावीकडे बघतो:
बकरी, बकरी, ट्रान्सफॉर्मर.
आणि कि.मी. आलं की
अडून विचारल्यासारखं: की मी.
चंद्र पृथ्वीपासून तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे, की मी.
मला काय विचारते, बाई.

निंभोऱ्याला वखारीत वायकोळे शेठ म्हणाले,
अरे फालक, कानात कोन बोलून ऱ्हायलं तुह्या?
म्हटलं, पोरगी.
खोटं नव्हतं ते.
असलाच तर शंभर ग्रॅमचा फरक.

मग होळीनंतरचा एक मंगळवार.
दुपार अशी की केळीची पानंही कडेनं करपलेली.
बाई म्हणाली, वजन. लेखिका, रुजुता डिगंबर फालक.
ऋ तिला येत नाही, म्हणून
मला वाटलं दुसरीच कोणी.

आमच्या घरी खोटं बोललं तर वडील रागवत नसत,
ती वाचू लागली,
पिठाच्या डब्यावर मांडतात तशा आवाजात,
वीस किलोचं वजन आणून टेबलावर ठेवत
आणि जेवायला बसत.
अकरावीत मी एका मुलाबद्दल खोटं बोलले.
वजन तीन दिवस टेबलावर होतं.
चौथ्या दिवशी आईनं त्यावर भाजीची कढई ठेवली.

मला कढई आठवते. मुलगा आठवत नाही.
मला कुणी सांगितलंच नव्हतं मुलगा होता म्हणून.
मी तेव्हा वजन घासायला काढलं होतं फक्त,
पडताळणीची तारीख होती.

गाडी ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी उभी केली.
बाई थांबली नाही. ती श्वास घेत नाही,
त्यामुळे मध्ये बोलायला जागाच नसते.
माझे वडील, ती म्हणाली,
दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणायला
रोज बेचाळीस, की मी, जातात.

मागे सरकवून परत ऐकलं.
बेचाळीस, की मी, जातात.
परत.
एक मजूर पाइपावर पाय देऊन बघत होता,
त्याला वाटलं गाडी बंद पडली.
म्हणाला, धक्का देऊ का काका?

रात्री तिचा फोन आला.
जेवली का, म्हटलं.
हो, म्हणाली. मग थोडं थांबून,
तो शेवटचा पाठवलेला ऐकला का?
आतल्या खोलीत पंख्याची कडी कुरकुरत होती.
तेल घालायचं राहिलंय.

नाही अजून, म्हटलं. मोठा दिसतोय.
गुरुवारी चोपड्याला जायचंय,
त्या रस्त्याला ऐकतो.

बरं, म्हणाली.

टेबलावर काही नव्हतं,
तरी मी ताट जरा बाजूला सरकवलं.