ओला एकोणीस, कोरडा वीस

शेडच्या खांबाला दोन तापमापक टांगलेत,
एकाच्या पायात ओलं फडकं.
तांबोळी मॅडम पुण्याहून स्कूटीवर आल्या तेव्हा म्हणाल्या,
यमुनाताई, ह्या दोन जावा समजा,
चार अंशांचं अंतर राहिलं की घर सुरळीत.

आज पहाटे कोरडा वीस, ओला एकोणीस.
तेजलनं लिहून ठेवलं, भूगोलाच्या जुन्या वहीत,
'वारे व त्यांचे प्रकार'च्या मागच्या पानावर.
वाल्ह्यावर तीन दिवस ढग बसलाय,
बरसत नाही, उठत नाही,
निघतो निघतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.

एरवी पाचव्या अवस्थेत रात्रभर पाला चावण्याचा आवाज.
येणारे-जाणारे म्हणतात, सरींसारखा.
मला वाटतं, अंधारात कुणीतरी
वाण्याच्या पुड्या सोडत बसलंय.
काल दोनच्या सुमारास
एका कोपऱ्यातल्या पुड्या थांबल्या.
मी उठून बसले.
बॅटरी लावायच्या आधीच कळलं होतं.

वैशाखात मरतात ते वेगळे.
पत्रा तापतो, अळ्या गाठीगाठींत सुजतात, कातडी तकतकीत,
आणि रॅकच्या काठाकाठानं फिरत राहतात,
खालून कुणी हाक मारल्यासारख्या.
धक्का लागला की फुटतात, दुधाळ.
ह्या ढगातल्या गप्प मरतात.
आधी मऊ. मग कडक.
मग अंगावर पांढरी भुकटी.

तेजलनं एक उचलली.
"आई, खडू!"
कोब्यावर रेघ ओढली,
आणि खरंच उमटली.
मी तिच्या हातावर फटका मारला.
अगं, ती रेघ नाही, बी आहे,
वाऱ्यानं उडेल, सगळ्या रॅकवर पेरली जाईल.
तिचे हात ब्लीचिंगच्या पाण्यात, माझेही,
खडू चुलीत.
ती रडली नाही. वहीत लिहिलं:
मेल्या – ४११. मार – १.

दिवसभर चाळणीनं चुना भुरभुरला,
तुतीचं पान न् पान पंख्याखाली कोरडं केलं,
शेगडीत कोळसे, पडदे अर्धे वर.
सखुआत्या उंबऱ्यातून म्हणाल्या,
पोरीच्या खोकल्याला इतकं केलं नव्हतंस.
खरंय.
हेही खरंय की वाचतील त्या चंद्रिकेवर चढतील,
तोंडानं स्वतःभोवती घर विणतील,
मी त्या घरासकट त्यांना बारामतीच्या बाजारात नेईन,
आणि तिथून पुढे वाफ.
हे तेजलला सांगितलेलं नाही.
तिनं विचारलंही नाही. ठाऊक असेल,
वहीत नाही एवढंच.

संध्याकाळी डोंगरापलीकडून कोरडा वारा सुटला.
कोरडा तेवीस, ओला वीस.
जावा थोड्या लांब सरकल्या.
दिवा मालवून मी रॅकशी बसले, कान देऊन.
डावीकडे एक पुडी.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग आणखी एक.