तीन नंबरला लावा

एकतीस तारखेनंतर चित्र बंद,
असं केबलवाल्या उतेकरांचा पोरगा
जिन्यातूनच सांगून गेला,
आणि कोपरखैरण्याच्या आमच्या माथाडी वसाहतीत
दर दुसऱ्या दारात हिशेब सुरू झाला.

मी वहीचं मागचं पान घेतलं.
उतेकरांचा डबा बाराशेला, वर महिन्याचं भाडं.
कंपनीची छत्री सतराशेला, दोन महिने फुकट,
तिसऱ्यापासून ते सांगतील ते.
वाशीच्या पुलाखाली एक जण
छत्री-डबा मिळून अकराशेला देतो,
चॅनेल मोजके, पण पुन्हा कुणाला काही द्यायचं नाही.
खोक्यावर नाव नाही.
पावती मागितली तर हसतो.

रंजना म्हणाली, त्यापेक्षा हप्त्यावर पातळ टीव्हीच घेऊ.
अण्णांनी ऐकलं नसावं असं वाटलं.
ऐकलं होतं.

हा टीव्ही त्यांनी तुर्भ्याहून पाठीवर आणलेला.
रिक्षावाल्यानं चाळीस रुपये मागितले म्हणून.
कांद्याच्या गोणीखाली तीस वर्षं वाकलेला माणूस,
दुकानदाराला एवढंच विचारलं होतं म्हणे,
काच पाठीकडं ठेवू की बाहेर?

आणला अकराशेवाला.
डबा अण्णांनी एका तळव्यावर तोलला.
"किलोसुद्धा नाय,"
व्यापाऱ्यानं मापात मारलं की म्हणायचे तसे.
वायरी तीन. लाल, पांढरी, पिवळी.
टीव्ही भिंतीपासून ओढला तर मागं
कोळ्याचं जाळं, रंजनाची हरवलेली पिन,
आणि अँटेनाचं एकच छिद्र.
तिन्ही वायरी हातात घेऊन मी उभा,
पत्ता चुकलेल्या वऱ्हाडासारखा.

सेक्टर आठच्या नाक्यावर मुकादमचाचांचं दुकान,
पोट उघडे टीव्ही एकावर एक.
चष्म्यावरून बघत म्हणाले,
घेण्याआधी आपल्या टीव्हीची पाठ बघायची असते, बाबा,
खोक्यावरची चित्रं नाही.
मग खणातून काडेपेटीहून जरा मोठी डबी काढली,
एकशे ऐंशी, घासाघीस नाही.
याच्या एका तोंडात तिन्ही रंग घाला,
दुसऱ्या तोंडातून जुनी वायर,
आणि टीव्ही तीन नंबरला लावा.
तीनच. चारला काही येणार नाही.

रिमोटचे सेल वीस.
बेरीज तेराशे. उतेकरांपेक्षा शंभर जास्तच,
हे मी पानावर लिहिलं नाही.

सपकाळ सेक्रेटरी गच्चीची किल्ली घेऊन पाटणला,
म्हणून छत्री खिडकीच्या जाळीला,
आग्नेयेकडं तोंड करून, ओल्या टॉवेलांच्या शेजारी.
चित्र आलं. इतकं स्वच्छ
की बातम्यावालीच्या कपाळावरचा घाम दिसला.
अण्णांनी सवयीनं टीव्हीच्या डाव्या कुशीला थाप मारली.
काही झालं नाही.
पुन्हा मारली, हळू.

पूर्वी वारं सुटलं की चित्र पातळ व्हायचं,
माणसं दुहेरी व्हायची, आवाज खरखरायचा,
तरी गोष्ट कळायची,
निम्मी बघून, निम्मी अंदाजानं.
आता छत्रीवर कावळा बसला की
नट चौकोन चौकोन होऊन मोडतो
आणि निळ्या पाटीवर लिहून येतं, सिग्नल नाही.
अधलंमधलं काही उरलेलं नाही.

परवा रात्री दोनला जाग आली.
बाहेरच्या खोलीत उजेड, आणि ती खरखर.
अण्णा टीव्हीसमोर पाटावर, पाय लांब करून,
चार नंबर लावलेला.
काचभर नुसत्या मुंग्या.
डबा बिघडला का? मी विचारलं.
नाही म्हणाले. डबा बरा आहे तुझा.
मग काचेकडं बोट करून,
"वजनाखालची चाल आहे ही. बघ जरा."

मला काही दिसलं नाही.
रंजना उठू नये म्हणून आवाज तेवढा कमी केला,
दाराला टेकून थोडा वेळ उभा राहिलो.

सकाळी टीव्ही परत तीन नंबरवर होता.
सेलचं झाकण सुटलेलं, त्याला रबर लावलेलं.